शंभर ग्रॅमचा हिशेब

"मॅडम, घरच्या साध्या जेवणातून मुलीला पुरेसं मिळतं का?" आहाराच्या सल्ल्यासाठी ठाण्यात माझ्याकडे येणाऱ्या आयांचा हा ठरलेला प्रश्न. विचारणाऱ्या बहुतेकींच्या घरी खायची काहीच ददात नसते, तरी काळजी खरी असते. घोडबंदर रोडवरची एक आई मात्र प्रश्नासोबत तक्ताच घेऊन आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.)

मुलगी नऊ वर्षांची, अंगानं बारीक. आईनं मोबाइलवर एक्सेल शीट उघडून माझ्यापुढे धरली. डावीकडे पदार्थ, पुढे शंभर ग्रॅममागे प्रथिनं, कॅल्शियम, लोह. चांगले पदार्थ हिरवे, बाकीचे लाल. बदाम, किन्वा (भातासारखं शिजवायचं परदेशी धान्य), पनीर हिरवे. भात, वरण, मांदेली लाल. शेंगदाण्याचा लाडूही लाल, कारण त्यात गूळ. सासूबाई मूळच्या उरणच्या, मांडीवर पिशवी घेऊन शेजारी बसल्या होत्या. त्यांनी शीटकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "लाल आहे ते सगळं मी करते."

त्या वाक्यानंतर दोघीही गप्प झाल्या. अशा वेळी मी कोणाची बाजू घेत नाही, सरळ आकड्यांकडे वळते. आकड्यांना सासर-माहेर नसतं.

किन्व्यापुढे १३ ग्रॅम प्रथिनं लिहिली होती आणि वरणापुढे जेमतेम ४. आकडे खोटे नव्हते. पण किन्वा कोरडा मोजलेला होता आणि वरण शिजलेलं. किन्वा शिजवला की तोही पाणी पितो आणि शंभर ग्रॅममागे चारेक ग्रॅमवरच येतो. उलट तूरडाळ कोरडी मोजली तर वीसच्या पुढे जाते. इंटरनेटवरच्या निम्म्या तुलना इथेच फसतात.

दुसरी गल्लत त्याहून सर्रास होते. "नाचणीत दुधाच्या तिप्पट कॅल्शियम" हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या तक्त्यांप्रमाणे शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असतं आणि गायीच्या दुधात ११८. म्हणजे तिप्पट खरंच. पण एका भाकरीला पीठ लागतं चाळीसेक ग्रॅम, त्यातून मिळतात १४५ मिलिग्रॅम. दोनशे मिलीच्या पेल्यातून मिळतात २३०च्या पुढे. शिवाय नाचणीतला फायटेट हा घटक कॅल्शियम धरून ठेवतो, त्यामुळे तिचं सगळं कॅल्शियम अंगी लागत नाही. म्हणून मुलीला नाचणी देऊ नका असं नाही, जरूर द्या. फक्त नाचणी दिली म्हणून दूध बंद करू नका. त्या आईनं नेमकं तेच केलं होतं.

बदामांचंही तसंच. दहा बदाम म्हणजे बारा ग्रॅमच्या आसपास, त्यातून प्रथिनं मिळतात दोनेक ग्रॅम. मूठभर शेंगदाणे पंचवीस-तीस ग्रॅम भरतात, त्यातून सहा. बदामाची ई जीवनसत्त्वासारखी स्वतःची बाजू आहेच, पण प्रथिनांसाठी बदाम घेणं मला तरी उधळपट्टी वाटते. आणि मांदेली काट्यासकट खाल्ली तर कॅल्शियम पोटात जातंच. शीटमध्ये त्या काट्यांचा रकानाच नव्हता.

मग मी शीट बाजूला ठेवून मुलीच्या ताटात खरंच काय पडतं ते लिहायला लावलं. दोन पोळ्यांच्या पन्नास ग्रॅम कणकेतून ५ ग्रॅम प्रथिनं, वाटीभर घट्ट वरणातून ६, दूध परत सुरू केलं की पेलाभरातून ६, मूठभर शेंगदाण्यांतून ६. झाले २३. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२०च्या शिफारशीप्रमाणे सात ते नऊ वर्षांच्या मुलांना दिवसाला २३ ग्रॅमच लागतात. भात, भाजी, मासे अजून धरलेच नव्हते. वरण मात्र घट्ट हवं. पातळ पाण्यासारखं वाढलं तर वाटीत निम्मी डाळही नसते.

ज्याची काळजी करायला हवी ते लोह शीटच्या शेवटच्या रकान्यात अर्धवट भरलेलं होतं. याच शिफारशींत मुलींची लोहाची रोजची गरज सात ते नऊ वर्षांत १५ मिलिग्रॅम आहे आणि दहाव्या वर्षापासून एकदम २८. महाराष्ट्रात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे, त्याची सुरुवात बऱ्याचदा याच वयात होते. शाळेतल्या नोंदींप्रमाणे मुलीची उंची आणि वजन वाढत होतं, पण ती लवकर दमते असं आजीच म्हणाली. मी त्यांना बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. हिमोग्लोबिन १०.९ आलं आणि डॉक्टरांनी लोहाचं औषध सुरू केलं. इतकं कमी असताना नुसत्या पालकावर विसंबून चालत नाही. तसंही पालकातलं लोह शरीराला फार थोडं मिळतं.

जेवणात बदल अगदी साधे सुचवले. आठवड्यातून दोन-तीनदा बाजरीची भाकरी, मोड आलेली मटकी, माठाची भाजी, आणि त्यांवर लिंबू किंवा सोबत पेरूची फोड. क जीवनसत्त्वामुळे वनस्पतींतलं लोह नीट शोषलं जातं. जांभळी नाक्याच्या बाजारात हे सगळं मिळतं. गुळाचा लाडू परत सुरू, रोज एकच.

आईशी एकटीशीही बोलले. ती नोकरीसाठी सकाळी ऐरोलीला जाते ती अंधार पडल्यावर परतते. दिवसभर मुलगी सासूबाईंकडे. "ती काय खाते ते माझ्या हातात नाही," असं म्हणताना तिचा आवाज पहिल्यांदा बदलला. शीट तिनं त्यातून केली होती, एवढं मला कळलं. मुलगी तळलेली मांदेली तोंडात घालण्याआधी "यात प्रोटीन किती?" असं विचारते, हे मात्र तिलाही आवडत नव्हतं. मुलीसमोर आकडे बोलायचे नाहीत, एवढं आमचं ठरलं. रविवारचा स्वयंपाक आईनं करायचा आणि आठवड्याची भाजी दोघींनी मिळून आणायची, हेही.

पुढच्या भेटीला शीट होती, पण रंग काढलेले होते आणि "आपली वाढणी" असा नवा रकाना आला होता. संध्याकाळी आजी नातीला आपल्याबरोबर अर्धा कप चहा देते, त्यावर एकमत झालेलं नाही. चहानं लोह कमी शोषलं जातं, म्हणून जेवण आणि चहा यांत किमान तासाभराचं अंतर ठेवा असं मी म्हटलंय. चहा पूर्ण बंद करा म्हटलं असतं तर सासूबाई पुन्हा आल्या नसत्या.