दारूबंदी फसली, म्हणून बंदुकांवरचे निर्बंधही फसतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: अमेरिकेत दारूमुळे बंदुकीपेक्षा कितीतरी जास्त माणसं मरतात, तिथे दारूबंदी करून पाहिली तीही फसली, मग बंदुकांवरच निर्बंध मागणं हा दुटप्पीपणा नाही का?

मी वर्धा जिल्ह्यात वाढलो आणि गेली बारा वर्षं टेक्सासमध्ये राहतोय. लहानपण दारूबंदीच्या जिल्ह्यात गेलं आणि संसार बंदुकांच्या राज्यात थाटला, त्यामुळे या प्रश्नावर मी बराच विचार केला आहे.

आकडे तुमच्या बाजूने आहेत, ते आधी मान्य करतो. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या हिशोबाने तिथे अतिमद्यपानामुळे वर्षाला सुमारे 1 लाख 78 हजार माणसं मरतात. बंदुकीने 2022 साली सुमारे 48 हजार गेली. पण तुमची तुलना ‘बंदी’ या एका शब्दावर उभी आहे आणि मला अडचण तिथे वाटते.

वर्धा जिल्ह्यात 1975 पासून दारूबंदी आहे. सेवाग्रामचा, गांधीजींचा जिल्हा म्हणून. तरी आमच्या गावाबाहेर नाल्याच्या काठाला मोहाचा सडवा जमिनीत पुरलेला असायचा. पोलीस यायचे, ड्रम फोडायचे, आठ दिवसांत पुन्हा भट्टी लागायची. ज्याला बाटलीबंद हवी तो नदी ओलांडून अमरावती नाहीतर यवतमाळच्या हद्दीत जायचा. दारूबंदी का फसते हे मला कुणी शिकवायला नको. पण ज्या बायका मोर्चा घेऊन ठाण्यावर जायच्या, त्यांनाही मी पाहिलंय. कायदा होता म्हणून त्यांना निदान बोलायला जागा होती. त्यामुळे ‘फसली’ एवढं म्हणून मला तो विषय मिटवता येत नाही.

अमेरिकेचंही तसंच. जानेवारी 1920 पासून डिसेंबर 1933 पर्यंत तिथे देशभर दारू बनवणं, विकणं आणि नेणं बेकायदा होतं. घरात बसून पिणं मात्र गुन्हा नव्हता. त्या काळात दारूचा खप घटला, सिरोसिस या यकृताच्या आजाराचे मृत्यूही कमी होते. पण धंदा टोळ्यांच्या हातात गेला. 14 फेब्रुवारी 1929 ला शिकागोत एका गॅरेजमध्ये सात जणांना भिंतीशी उभं करून टॉमी गन नावाच्या हातातल्या मशीनगनने मारलं. अशा टोळीयुद्धांनी लोक हादरले आणि 1934 साली अमेरिकेचा बंदुकांवरचा पहिला मोठा केंद्रीय कायदा झाला. मशीनगनवर बंदी घातली नाही. नोंदणी सक्तीची केली आणि हस्तांतरावर 200 डॉलर कर लावला, म्हणजे त्या काळी जवळपास टॉमी गनच्या किमतीएवढाच. 1986 मध्ये सामान्य नागरिकांसाठी नव्या मशीनगनची नोंदणीही थांबवली. नोंदणीकृत मशीनगन आज गुन्ह्यात जवळजवळ सापडत नाही. पिस्तुलाला बेकायदा भाग बसवून ते स्वयंचलित करण्याचे प्रकार अलीकडे वाढलेत हे खरं, पण नव्वद वर्षं तो कायदा टिकला आणि त्याने काम केलं. दारूबंदीच्या अपयशातून बंदुकीचा एक यशस्वी कायदा जन्माला आला, हे या वादात फार कमी लोक सांगतात.

आता 1933 नंतर दारूचं काय झालं ते बघा, कारण खरी तुलना तिथून सुरू होते. दारू मोकळी झाली, पण परवाना आला, वेळा आल्या, वयाची अट आली. काही काउंटी, म्हणजे तिथले जिल्हे, आजही दारूबंदीचे आहेत. 1980 साली कॅलिफोर्नियात एका दारुड्या ड्रायव्हरने तेरा वर्षांच्या मुलीला उडवलं. तिची आई कँडेस लाइटनर हिने इतर मातांना सोबत घेऊन संघटना उभी केली. 1984 मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी कायद्यावर सही केली: जे राज्य दारू विकत घेण्याचं वय 21 करणार नाही, त्याचा महामार्गाचा निधी कापला जाईल. सगळी राज्यं झुकली. पुढे रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा 0.08 टक्क्यांवर आली. 1982 मध्ये दारू पिऊन गाडी चालवण्याने सुमारे 21 हजार माणसं मेली होती, 2022 मध्ये साडेतेरा हजार, आणि मधल्या काळात लोकसंख्या नि गाड्या दोन्ही भरपूर वाढल्या. गाड्या सुरक्षित झाल्या, त्याचाही यात वाटा आहे. पण पिणाऱ्याची बाटली कुणी हिसकावली नाही. कुणाच्या हातात, कधी, कुठे, एवढंच ठरवलं.

हीच फूटपट्टी बंदुकीला लावून बघा. मी राहतो त्या राज्यात रविवारी व्हिस्कीचं दुकान बंद असतं, बंदुकीचं उघडं असू शकतं. अठरा वर्षांच्या मुलाला बिअर मिळत नाही, पण रायफल मिळते. 24 मे 2022 ला टेक्सासमधल्याच युवाल्डी गावच्या प्राथमिक शाळेत 19 मुलं आणि 2 शिक्षिका मारल्या गेल्या. मारणारा नुकताच अठराचा झाला होता आणि त्याने दोन रायफली कायदेशीर विकत घेतल्या होत्या. माझी मुलगी तेव्हा दुसरीत होती. त्या आठवड्यात तिला शाळेत सोडताना गाडीतून उतरवताना हात सुटत नव्हता, तिचा नव्हे, माझाच.

बारवाल्याने झिंगलेल्या माणसाला आणखी पाजलं आणि पुढे त्याने कुणाला चिरडलं, तर इथे बारवाल्यावर दावा होऊ शकतो. बंदूक बनवणाऱ्या आणि विकणाऱ्यांना मात्र 2005 च्या केंद्रीय कायद्याने, काही अपवाद सोडता, असल्या दाव्यांपासून कवच दिलंय. इथल्या बारच्या दारावर लाल अक्षरात ‘51%’ अशी पाटी असते. म्हणजे निम्म्याहून जास्त कमाई दारूची, म्हणून आत पिस्तूल आणायचं नाही. टेक्सासलाही हे पटतं, याचं मला बरं वाटतं. आपल्याकडे निवडणुकीत मतदानाआधी दारूची दुकानं बंद होतात आणि परवान्याची शस्त्रं ठाण्यात जमा करायला सांगतात, त्यामागेही हाच विचार आहे.

आता सगळ्यात जड मुद्दा. बंदुकीने गेलेल्या त्या 48 हजारांपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या आहेत. ‘ज्याला मरायचंय तो मरेलच’ असं इथे फार ऐकतो. विदर्भात वाढलेला माणूस हे मान्य करू शकत नाही. ‘अमक्याने औषध पिलं’ हे वाक्य मी लहानपणी किती वेळा ऐकलं असेल. औषध म्हणजे फवारणीचं. डबा घरात खाटेखालीच असायचा आणि राग किंवा निराशा घटकाभराची असायची. श्रीलंकेने 1990 च्या दशकात सगळ्यात जहाल कीटकनाशकांवर बंदी आणली आणि पुढच्या दहा वर्षांत तिथला आत्महत्यांचा दर जवळपास निम्म्यावर आला. बंदुकीने केलेल्या दहापैकी जवळपास नऊ प्रयत्नांत जीव जातो. दारू माणसाला वर्षानुवर्षं पोखरते, मध्ये थांबवायला बायको, डॉक्टर, मित्र यांना वेळ मिळतो. बंदूक तो वेळ देत नाही. म्हणून मृतांचा आकडा लहान असला तरी निर्बंधांची गरज लहान ठरत नाही.

सगळ्या बंदुका गोळा करा असं मी म्हणत नाही. इथे माणसांपेक्षा बंदुका जास्त आहेत, आणि 2008 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या हेलर निकालाने घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक बाळगणं हा राज्यघटनेतला व्यक्तिगत हक्क ठरवलाय. ऑस्ट्रेलियाने 1996-97 मध्ये सुमारे साडेसहा लाख बंदुका परत घेतल्या, ते इथे घडेल असं मला वाटत नाही. मला वय 21 हवंय, खासगी विक्रीतही खरेदीदाराची तपासणी हवीय, घरात कुलूप हवंय. त्याच वेळी दारूच्या बाबतीत तुमचा आरोप अर्धा मान्य: दारूवरचा केंद्रीय कर 1991 नंतर वाढवलेला नाही, आणि त्यासाठी कुणी रस्त्यावर उतरताना मी पाहिलं नाही.

मुलीला कुणाच्या घरी खेळायला पाठवण्याआधी आम्ही विचारतो, ‘घरात बंदूक आहे का, कुठे ठेवता?’ पहिल्यांदा फार संकोच वाटला होता. शेजारचे काका माजी सैनिक आहेत. त्यांनी काही न बोलता मला आत नेलं, तिजोरी दाखवली, गोळ्या वेगळ्या कपाटात आहेत तेही दाखवलं. मग त्यांचा नातू आमच्याकडे येतो म्हणून त्यांनी मला विचारलं, तुमच्याकडे दारू कुठे असते? माझ्या दोन बाटल्या स्वयंपाकघरात उघड्या फळीवर होत्या. आता त्या कुलपात असतात.