लाईन जायच्या आधी बॅटरीला विचार

भाऊ, लॅपटॉपच्या स्क्रीनवरच्या कोपऱ्यातल्या बॅटरीच्या चित्रावर विसंबू नको. आपल्या गावात लाईन कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून लिनक्सवर टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडून खरी अवस्था वाचायची सवय लाव.

‘यूपॉवर’ (upower) हा बॅटरीची माहिती देणारा प्रोग्राम बहुतेक लिनक्स डेस्कटॉपवर आधीपासूनच असतो. त्याच्या नावापुढे ‘उणे ई’ (-e) दिलं की बॅटरीचं नाव मिळतं, मग ‘उणे आय’पुढे (-i) ते नाव टाक. टक्के सगळेच बघतात. तू ‘एनर्जी फुल’ आणि ‘एनर्जी फुल डिझाइन’ या ओळी बघ. पहिली म्हणजे आज मावते तेवढी ऊर्जा, दुसरी नवी असताना मावायची ती. माझ्याकडे २२ आणि ४५ वॅट-तास दिसले, तेव्हा कळलं की माझे १०० टक्के म्हणजे जेमतेम निम्मी बॅटरी. पीकविम्याचा अर्ज अर्ध्यावर असताना लॅपटॉप का झोपायचा, त्याचं कारण तिथं सापडलं.

चार्जर लावूनही ‘स्टेट’पुढे ‘डिस्चार्जिंग’ दिसलं, तर आधी बोर्डात लाईन आहे का ते बघ, मग पिन हलवून पाहा. कपाशीच्या फवारणीच्या धांदलीत कोणीतरी बटण बंद केलेलं असतं, बरेचदा तेवढंच निघतं.

‘एसीपीआय’ (acpi) हा दुसरा प्रोग्राम बॅटरीची अवस्था एका ओळीत सांगतो, पण तो वेगळा इन्स्टॉल करावा लागतो. नेट असेल तेव्हाच टाकून ठेव.