शाळेत मुलांना संतुलित आहाराची सवय कशी लावायची? पौष्टिक डबा स्पर्धा घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की पुढच्या महिन्यात तुमच्या शाळेत 'पौष्टिक डबा स्पर्धा' आहे, आठवड्यातून एकदा वर्गशिक्षक डबे तपासणार आहेत, भिंतींवर आहाराचे तक्ते लागणार आहेत. आणि मुलांना सवय लागावी म्हणून आणखी काय करता येईल, असं विचारलंय. तक्ते खुशाल लावा, त्यानं कुणाचं वाईट होत नाही. स्पर्धा घेऊ नका. डबे तर मुळीच तपासू नका.

मी 1990 ते 2023 जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत शिकवलं, त्यातली बरीच वर्षं माण तालुक्यात. साताऱ्याचा हा दुष्काळी पट्टा. बाजरी, ज्वारी, हुलगा, मटकी आणि मेंढरं यांवर चालणारा. तिथल्या एका शाळेत 2013 साली आमच्या मुख्याध्यापकांनी अशीच स्पर्धा घेतली. दहा गुण होते. चार रंगांचे चार, मांडणीचे तीन, स्वच्छतेचे तीन. खाल्ल्यावर पोरांच्या अंगाला काय लागणार याला एकही गुण नव्हता, हे तेव्हा माझ्याही डोक्यात आलं नाही. परीक्षक तिघं होते. मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समितीचे एक सदस्य आणि मी.

पहिला नंबर आला तो डबा मला अजून दिसतो. ब्रेडचे त्रिकोणी तुकडे, त्यात काकडी, वर कोरलेलं टोमॅटोचं फूल, बाजूला सॉस आणि फळांच्या रसाचं तयार खोकं. दहापैकी नऊ गुण. त्याच रांगेत पाचवीतली एक मुलगी बसली होती, दीड कोसावरच्या मेंढपाळाच्या वस्तीवरची. गोल स्टीलचा डबा, झाकणाला पोचा आलेला. आत बाजरीची भाकरी चौघडी घालून ठेवलेली, भाकरीच्या पोटात हुलग्याचं घट्ट पिठलं, आणि एक छोटा कांदा. रंग शून्य, मांडणी शून्य, स्वच्छता दोन. हे आकडे माझ्या अक्षरातले आहेत.

पुढच्या सोमवारपासून त्या मुलीनं डबा आणणं बंद केलं. दुपारी शाळेत खिचडी असायचीच, पण वस्तीवरची मुलं सकाळी नऊलाच घर सोडायची, म्हणून ती भाकरी बरोबर आणत. पंधराएक दिवसांनी, बाजाराच्या दिवशी, तिची आई डोक्यावरची पाटी शाळेच्या पायरीवर टेकवून मला म्हणाली, "बाई, तुमच्यात भाकर चालत न्हाई म्हणं? लेकरू डबा न्हेईना. रोज पाच रुपयं मागती पुड्याला. पुडा चालतोय व्हय?"

मला काही बोलता आलं नाही. "भाकरी चालते, द्या" एवढंच म्हणाले. ती पाटी उचलून गेली.

शंभर ग्रॅम हुलग्यात वीस ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात आणि चुना, म्हणजे कॅल्शियमही चांगलं असतं. बाजरीत लोह भातापेक्षा कितीतरी जास्त. धान्य आणि कडधान्य एकत्र आलं की एकात जे कमी ते दुसऱ्यात भरून निघतं, हे मी स्वतः सातवीच्या पोरांना फळ्यावर शिकवत होते. त्या दिवशी मैदानावर जे डबे मांडले होते त्यांत तिचा डबा पहिल्या तिघांत यायला हवा होता. माझ्या समोर होता आणि मी त्याला दोन गुण दिले.

मुख्याध्यापकांशी माझं यावरून वाजलं, ते शेवटपर्यंत. त्यांचं म्हणणं होतं, "बाई, स्पर्धा लावल्याशिवाय पालक हलत नाहीत. आणि ताटात रंग असावेत हे शास्त्रच आहे." रंगांचं शास्त्र मला मान्य आहे. पण ते दिवसभराच्या, आठवड्याभराच्या खाण्याचं आहे. चौरस आहार एका डब्यात मोजायला गेलात तर ज्याच्या घरी फ्रीज आहे तोच जिंकणार. पालक त्या वर्षी हलले, हे खरं. दोन घरांनी भाकरीऐवजी ब्रेड द्यायला सुरुवात केली.

त्या मुलीच्या निमित्तानं मी पहिल्यांदा नीट बघायला लागले की आमची पोरं खातात केव्हा. सकाळी काळ्या चहात शिळी भाकरी कुस्करून, नाहीतर चहा आणि बटर. साडेदहाला परिपाठ. साडेअकराच्या छोट्या सुट्टीत फाटकासमोरच्या टपरीवर रांग. एका आठवड्यात मी वहीत खुणा केल्या. 64 च्या पटावर रोज वीस-पंचवीस पोरं तयार खाऊचा पाच रुपयांचा पुडा खात होती. मग दीड वाजता खिचडी आली की तीच पोरं दोन घास खाऊन ताटली पालथी करायची. आणि आम्ही रजिस्टरला लिहायचो, मुलांना भाजी आवडत नाही.

अहो, त्यांना भूकच नव्हती.

आम्ही केलं ते इतकंच: मटकी पोषण आहाराच्या धान्यात यायचीच, ती खिचडीत न घालता मोड आणून साडेअकराला द्यायची. पोरामागे वीस ग्रॅमच्या हिशेबानं सव्वा किलो मटकी. हे सगळं केलं आमच्या स्वयंपाकीण मावशींनी. तेव्हा त्यांना महिना हजार रुपये मानधन होतं. पहिल्या दिवशी दुपारी भिजवायची, संध्याकाळी घरी जाताना फडक्यात घट्ट बांधायची, दुसरा दिवस तशीच ठेवायची. थंडीत मोड येईनात, तर मावशी गाठोडं रात्रभर स्वतःच्या घरी चुलीच्या वैलाशेजारी ठेवायच्या आणि सकाळी डोक्यावरून घेऊन यायच्या. वाफवून, कांदा, मीठ, वरून लिंबू. लिंबू चवीपुरतं नव्हतं. कडधान्यातलं लोह अंगी लागायला आंबट मदत करतं आणि चहा आडवा येतो. सोमवारी लोहाच्या निळ्या गोळ्या वाटायच्या आणि घरी पोरं जेवणावर चहा पितात याकडे बघायचंही नाही, हे मला कधी पटलं नाही. पालकसभेत मी तक्ता न दाखवता एवढं एकच सांगायचे: चहा आणि भाकरी यांत तासाभराचं अंतर ठेवा.

महिनाभरानं टपरीवरची रांग पाच-सहा पोरांवर आली. टपरीवाल्यानं माझ्या सांगण्यावरून शेंगदाण्याची चिक्की ठेवली, पुडे मात्र काढले नाहीत. त्यालाही पोट आहे, मी फार ताणलं नाही.

मग मी खिचडीकडे वळले. शालेय पोषण आहाराचे नियम ठरलेले आहेत: पहिली ते पाचवीला शंभर ग्रॅम तांदूळ, वीस ग्रॅम डाळ, पन्नास ग्रॅम भाजी, त्यातून 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं. सहावी ते आठवीला 150 ग्रॅम तांदूळ, 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम प्रथिनं. आता हिशेब करा. शंभर ग्रॅम तांदळात सात-आठ ग्रॅम प्रथिनं, उरलेली सगळी त्या वीस ग्रॅम डाळीतून येणार. म्हणजे डाळीची एक वाटी कमी पडली की कागदावरचे 12 कागदावरच राहिले. भाजीचं तेच. 64 पोरांना पन्नास ग्रॅमनं रोज तीन किलोच्या वर भाजी लागते. मी एक दिवस किचनशेडमध्ये वजनकाटा नेला आणि आलेली पिशवी ठेवली. एक किलो दोनशे. त्यात निम्मे बटाटे.

वजनकाट्यावरून मुख्याध्यापक माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत. पैसे खाल्ले असं मी म्हटलं नव्हतं आणि आजही म्हणत नाही. अनुदान उशिरा यायचं, दुकानदार उधारीला कंटाळला होता, हे मला ठाऊक आहे. पण तीन किलोच्या जागी सव्वा किलो भाजी घालायची आणि वर्गात 'हिरव्या भाज्या खा' हा तक्ता वाचून घ्यायचा, हे पोरांना कळतं. ती बोलत नाहीत इतकंच.

मार्ग फुकटचा निघाला. शाळेच्या कुंपणाला शेवग्याची चार झाडं होती. पाला बारीक चिरून डाळीतच शिजवायचा, वरून टाकायचा नाही. वर टाकला की पोरं निवडून ताटलीच्या कडेला ढीग लावतात, शिजून एकजीव झाला की जातो. पहिले तीन दिवस तरीही "बाई, पाला आलाय" म्हणून तोंडं वाकडी झाली. चौथ्या दिवसापासून मी पंगतीत बसायला लागले, त्याच ताटलीत, तीच खिचडी घेऊन. नियमाप्रमाणे शिक्षकानं आधी चव घेऊन नोंदवहीत सही करायची असते. आमच्याकडे सही व्हायची, चव राहून जायची. मी बसल्यावर मीठ कमी आहे, डाळ बोटचेपी शिजली नाही, हे त्याच दिवशी मावशींना सांगता यायला लागलं. पोरांनी काही भाषण न ऐकता खाल्लं.

ती मुलगी? तिनं डबा पुन्हा आणायला दिवाळी उजाडली. आणायची तेव्हाही झाकण अर्धं लावून, पाण्याच्या टाकीमागे बसून खायची. सातवी होऊन दुसऱ्या गावी गेली तोवर मी तिला रांगेत बसून भाकरी खाताना पाहिलं नाही. मटकी मात्र ती दोनदा मागून घ्यायची.

तुमची शाळा शहरातली, कँटीन असलेली, असं तुमच्या प्रश्नावरून दिसतं. मग घरच्या डब्यात डोकावण्याआधी कँटीनमध्ये जा. शाळांच्या उपाहारगृहात चरबी, मीठ, साखर जास्त असलेले पदार्थ विकू नयेत असा आदेश राज्य सरकारनं 2017 सालीच काढला आहे. 2020 च्या अन्न सुरक्षा नियमांनी तर शाळेच्या आवारात आणि फाटकापासून पन्नास मीटरपर्यंत असे पदार्थ विकायला मनाई केली आहे. तुमच्या कँटीनमध्ये वडापाव, सामोसा आणि रंगीत सरबत असेल आणि तुम्ही चौथीतल्या पोराच्या डब्यातल्या जॅम-पोळीला कमी गुण देणार असाल, तर सुरुवात चुकीच्या टोकानं होतेय. वाढदिवसाला चॉकलेटं वाटायची पद्धत बंद करा, केळं किंवा राजगिऱ्याची वडी चालते. छोटी सुट्टी परिपाठानंतर फार उशिरा नसावी. डबा खायला पोरांना निदान वीस मिनिटं बसायला मिळावीत. शहरातल्या शाळांत दहा मिनिटांत घंटा होते आणि मग भाजी परत जाते, आई समजते पोराला आवडली नाही.

अंड्याबद्दल कुणी विचारलं नाही, तरी सांगते. 2023 च्या नोव्हेंबरात आठवड्याला एक अंडं, न खाणाऱ्याला केळं, असा राज्याचा निर्णय आला तेव्हा मी निवृत्त झाले होते, आणि मला फार बरं वाटलं होतं. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं, त्यात भेसळ करता येत नाही, मोजून देता येतं. 2025 च्या जानेवारीत त्याचा निधी थांबवला आणि लोकसहभागातून करा म्हणून शाळांना सांगितलं. माणच्या वस्तीवर लोकसहभाग कुणाकडून गोळा करायचा? हा निर्णय चुकीचा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. मोड आलेली कडधान्यं कच्ची वाटू नका, विशेषतः मार्चनंतर, ती लवकर आंबतात. कुणाला शेंगदाणा सोसत नसेल तर वर्गशिक्षकाला ते ठाऊक असलं पाहिजे. आणि माझा अनुभव खेड्यातल्या लहान पटाचा आहे. आठशे पोरांच्या शाळेत शिक्षक पंगतीत बसणं अवघड जाईल, निदान आपल्या वर्गाबरोबर डबा उघडता येतो. डबा बघून एखादं मूल खरोखर उपाशी राहतंय असं वाटलं, तर आईशी एकटीशी बोला, वर्गासमोर चकार शब्द नको.

आमचे ते मुख्याध्यापक सर परवा एका लग्नात भेटले. म्हणाले, "बाई, पण स्पर्धेनं वातावरण तयार होतं, हे तुम्हाला मान्य करावं लागेल." मी तेव्हा मान्य केलं नाही, आजही नाही. स्पर्धा घ्यायचीच असेल तर शाळेच्या कँटीनची घ्या आणि गुण पोरांना देऊ द्या. वजनकाटा तेवढा बरोबर न्या.