गाडी मोठी घ्यायचीय, पण कुठली आणि कधी?

प्रश्न: दादा, मी २३ वर्षांचा, डिचोलीला राहतो आणि वेर्ण्याला इंडस्ट्रियल इस्टेटमधे कामाला जातो. कॉलेजपासून बाबांची स्प्लेंडर चालवतोय, आजपर्यंत एकदाही पडलो नाही. आता नोकरी पक्की झालीय तर दसऱ्याला केटीएमची ३९० ड्यूक घ्यायची म्हणतोय. बाबा म्हणतात ती नको म्हणजे नको, घ्यायचीच तर बुलेटवाली ३५० घे, जड गाडी रस्ता धरून चालते. मित्र म्हणतात एवढी वर्षं गाडी चालवतोयस, आता काय शिकायचं राहिलंय. आणि मधली एखादी गाडी घेऊन परत विकायची म्हणजे पैसे पाण्यातच ना? काय करू सांग.
– एक वाचक, डिचोली

उत्तर: पडला नाहीस हे खूपच चांगलं, पण एक लक्षात घे, स्प्लेंडर सहसा पाडतच नाही कोणाला. ८ पीएसची (पीएस म्हणजे हॉर्सपॉवरसारखंच पॉवरचं माप) ११२ किलोची गाडी, रेस एकदम पूर्ण पिळलीस तरी ती तिच्या वेळेनेच पुढे जाणार, म्हणजे तुझ्या चुका ती रोज पोटात घालतेय आणि तुला पत्ताही लागत नाहीये. आताची ३९० ड्यूक ४६ पीएस आणि १६८ किलो. वजनाच्या हिशोबाने बघितलंस तर जवळपास पावणेचार पट जोर, आणि तो जोर तुझ्या उजव्या मनगटात आहे.

मनगट म्हणतोय ते खरंच मनगटाबद्दल म्हणतोय. तू माशेल-बाणस्तारीवरून येत असणार, पावसानंतर रस्ता कसा होतो तुला माहितीय. खड्डा आला की आपण हँडल घट्ट आवळतो, गाडी दणकते, अंग मागे जातं आणि मनगट आपसूक खाली वळतं. मनगट खाली वळलं की रेस वाढली. स्प्लेंडरवर याने इंजिनचा आवाज जरा वाढतो, बस. ३९० वर दुसऱ्या गियरमधे हेच झालं तर गाडी पुढे उसळते, त्या झटक्याने तू अजून मागे जातोस, हात अजून ओढला जातो आणि रेस अजून वाढते, हे सगळं एका सेकंदाच्या आत. नवीन पॉवरफुल गाडी घेतलेली पोरं सरळ रस्त्यावर समोरच्या गाडीच्या मागे जाऊन धडकतात त्यातले बरेच असेच धडकतात. उपाय आजपासून स्प्लेंडरवरच सुरू करता येतो: गुडघ्यांनी टाकी धरायची म्हणजे हातावर भार येत नाही, कोपरं जरा वाकलेली, आणि मनगट सपाट, वर-खाली नाही. दोन-तीन आठवडे मुद्दाम लक्ष दे, मग सवय होते.

दुसरी गोष्ट ब्रेकची आणि मला विचारशील तर खरी परीक्षा हीच. स्प्लेंडरवर वाढलेला माणूस ब्रेक म्हटलं की पाय दाबतो, कारण पुढचा ब्रेक दाबला की गाडी पडते असं लहानपणापासून कोणीतरी कानात घातलेलं असतं. खरं तर ब्रेक लागला की गाडीचा सगळा भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळे थांबवायचं जास्त काम पुढचाच ब्रेक करू शकतो, मागचं चाक तोवर हलकं झालेलं असतं, नुसता पाय दाबलास तर ते घसरतं. पडतो तो माणूस पुढचा ब्रेक *एकदम* खेचतो म्हणून. आधी हळू दाबायचा, फोर्क म्हणजे पुढच्या चाकाचे शॉकअप खाली बसले असं हाताला जाणवलं की मग जोर वाढवायचा. रविवारी सकाळी एखाद्या पठारावरचा रिकामा सरळ रस्ता बघ, एक दगड खूण म्हणून ठेव, ४० च्या स्पीडने येऊन त्या खुणेपासून थांबायला किती जागा लागते बघ, मग ५०, मग ६०. जोपर्यंत ६० वरून मागचं चाक न घसरवता, दरवेळी साधारण त्याच जागी थांबता येत नाही तोपर्यंत ३९० चं बुकिंग करू नकोस असं मी अगदी कळकळीने सांगतोय.

का ते आकड्यात बघ. ताशी ६० म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. समोर काहीतरी आलं हे कळून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धर, मग चांगल्या कोरड्या डांबरावर अजून वीसेक मीटर, एकूण ३७ च्या आसपास. ९० ला सेकंदाला २५ मीटर आणि ब्रेक लागल्यावर अजून ४५, म्हणजे एकूण ७०. स्पीड दीडपट, थांबायला जागा जवळपास दुप्पट. आणि ३९० वर ९० चा स्पीड ९० वाटतच नाही रे, स्प्लेंडर त्या स्पीडला थरथरून सांगते की बाबा पुरे, ही गाडी काहीच सांगत नाही. जुवारी पुलावर ठीक आहे, समोरचं लांबवर दिसतं. पण आपले गावातले रस्ते आठव, वळणावर काजूची झाडं नाहीतर कुणाच्या तरी घराचं चिऱ्यांचं कुंपण, पलीकडे थांबलेली बस, रात्री रस्त्याच्या मधोमध बसलेली गुरं. तिथे ७० मीटर पुढचं दिसतच नाही.

आता बाबांचं म्हणणं. पॉवरच्या बाबतीत ते बरोबर बोलतायत, रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५० ला २०.२ पीएस आहेत, तुझ्या आजच्या गाडीच्या अडीचपट, पुढच्या पायरीला एवढं भरपूर झालं. पण वजनाचं तेवढं पटत नाही. १९५ किलोची गाडी सरळ रस्त्यावर शांत चालते हे खरं, पण चुकीच्या जागी झुकली की तेच १९५ किलो तुला सावरायचे असतात. आणि ३५० वर वर्षभर चालवलंस तरी ३९० ची तयारी फारशी होत नाही, दोन्हींचा स्वभाव फार वेगळा. तुला शेवटी ड्यूकच हवी असेल तर मधली पायरी २०० ते २५० सीसीमधली घे, अपाची २०० किंवा पल्सर एन२५० सारखी, २० ते २५ पीएस, दीडशे-एकशे साठ किलो. ब्रेक डिस्क, एबीएस म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय आहे, वळणात टाकायला हलकी, आणि चूक केलीस तर लगेच कळतं पण वाचतोस.

मित्रांना हेही सांग की आपल्याकडे एकाच गियरवाल्या लायसन्सवर स्प्लेंडरही चालते आणि हायाबुसाही, म्हणून पायऱ्या असतात हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. युरोपात कायद्यानेच पायऱ्या आहेत, ए-वन लायसन्सवर १२५ सीसी आणि ११ किलोवॅट म्हणजे साधारण १५ पीएस, मग ए-टू वर ३५ किलोवॅट म्हणजे ४७ पीएस, आणि त्याच्या वर वेगळं लायसन्स, दरवेळी परीक्षा नाहीतर ट्रेनिंग. तुझी ३९० तिथे ए-टू च्या अगदी टोकाला बसते.

पैसे पाण्यात जातील म्हणतोस, तर मधली गाडी सेकंडहँड घे ना. वर्ष-दीड वर्षाने नीट ठेवलेली गाडी विकलीस तर फार तुटत नाही. आणि ३९० चा खर्च नुसता ईएमआय नसतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत जीएसटी १८ टक्के झाला आणि त्याच्या वर ४० टक्के. थर्ड पार्टी इन्शुरन्सचे २०२२ चे दर बघ, स्प्लेंडरच्या गटाला वर्षाला ७१४ रुपये, १५० ते ३५० सीसीला १३६६, ३५० च्या वर २८०४. टायर रुंद, ते महाग. चेन उघडी, ती आपल्या खाऱ्या हवेत आणि पावसात सांभाळावी लागते, दर ५०० किलोमीटरला साफ करून ल्यूब मारायचं, पावसाळ्यात त्याहून लवकर. स्प्लेंडरची चेन कव्हरच्या आत असते म्हणून आजवर तुला हे करावं लागलं नाही.

दसऱ्याचा मुहूर्त मात्र मधल्या गाडीसाठी मला एकदम पटला, कारण पुढे मेपर्यंत कोरडा रस्ता मिळतो शिकायला. नवीन टायरचा पहिला गुळगुळीतपणा जाईपर्यंत पहिले शंभरेक किलोमीटर वळणात जपून. मग जूनचा पहिला पाऊस. तुमच्याकडे खाणीच्या ट्रकांची लाल माती रस्त्यावर बसलेली असते, पहिल्या सरीत तिचा चिखल होतो, त्या दिवशी कुठलाही एबीएस वळणात तुला वाचवेलच असं धरून चालू नकोस. तो एक पावसाळा त्या मधल्या गाडीवर नीट निघाला की ३९० घे, बाबांना शोरूमला घेऊन जा, आताच्या मॉडेलला रेन मोड आणि ट्रॅक्शन कंट्रोल (रेस जास्त झाली तरी मागचं चाक घसरू न देणारी सोय) आहे ते त्यांना दाखव, मागे बसवून एक चक्कर मार. ते नको म्हणतात ते काळजीने, तुझा ब्रेक त्यांनी मागे बसून अनुभवला की बरंच काही सोपं होईल.

प्रश्न: दादा, मी म्हापशाची, वय ३४, शाळेत शिकवते. दहा वर्षं ॲक्टिव्हा चालवतेय, आता रॉयल एनफिल्डची हंटर ३५० घ्यायची फार इच्छा आहे. उंची पाच फूट एक इंच. घरचे म्हणतात झेपणार नाही. झेपेल का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर: ताई, झेपेल. हंटर १८१ किलोची आहे, तुमच्या ॲक्टिव्हापेक्षा साधारण ७५ किलो जास्त, पण चालत्या गाडीचं वजन आपल्याला उचलायचं नसतं. वजन जाणवतं ते थांबताना, वळवताना आणि पार्क करताना. सीट ७९० मिलिमीटरवर आहे, तुमचे दोन्ही पाय पूर्ण टेकणार नाहीत, टेकायची गरजही नाही. थांबताना कंबर जरा डावीकडे सरकवायची आणि डावा पाय पूर्ण टेकवायचा, उजवा ब्रेकवर. फक्त पाय कुठे टेकवतोय ते आधी बघायचं, खडी किंवा सुटी माती असेल तर दोन हात पुढे जाऊन थांबा.

माझी खरी काळजी वेगळीच आहे. दहा वर्षं तुमचा डावा हात ब्रेक दाबतोय. घाबरल्यावर माणूस विचार करत नाही, हात सवयीचंच करतो, आणि मोटारसायकलला डाव्या हाताला क्लच असतो. म्हणजे समोर कुत्रा आला, तुम्ही डावा लिव्हर जोरात दाबला, तर ब्रेक लागणार नाहीच, उलट इंजिन चाकापासून सुटतं आणि गाडी मोकळी पुढे जाते. हे पुस्तक वाचून जात नाही. एखादी जुनी १०० किंवा १२५ ची गियरवाली गाडी दोन-तीन महिने मिळवा, नातेवाइकाची चालेल, आणि रिकाम्या मैदानात चालण्याच्या स्पीडने अर्धा क्लच सोडून, मागचा ब्रेक किंचित लावून आठचा आकडा काढत राहा. कंटाळवाणं आहे पण जड गाडी हळू चालवायची कला यातूनच येते. एक दिवस तरी अचानक थांबायचा सराव कुणालातरी बाजूला उभं करून "थांब" ओरडायला सांगून करा, उजवा हात आणि उजवा पाय आपोआप गेला की तुम्ही तयार.

शोरूमच्या दहा मिनिटांच्या टेस्ट राईडवर निर्णय घेऊ नका. आपल्या गोव्यात रेंटवर ३५० सहज मिळते, काळी प्लेट आणि पिवळी अक्षरं असलेली परमिटवालीच घ्या, खासगी पांढऱ्या प्लेटची घेऊ नका, आणि सीझन नसताना एक पूर्ण दिवस चालवून बघा. त्याआधी लायसन्स काढून बघा हं. त्यावर विदाऊट गियर असेल तर हंटर चालवता येणार नाही, गियरवाल्या क्लाससाठी लर्निंग काढून ३० दिवसांनंतर टेस्ट द्यावी लागते. अपघात झाला आणि लायसन्स त्या क्लासचं नसेल तर इन्शुरन्सवाले हात वर करू शकतात.

आणि चोडणला वगैरे जात असाल तर फेरीबोटीचा रॅम्प. लोखंडी पत्रा, पावसात ओला, कडेला शेवाळ. पहिला गियर, गाडी एकदम सरळ, पुढचा ब्रेक अजिबात नाही, फक्त मागचा हलका. पहिल्या वेळी गर्दी नसताना जा.

प्रश्न: बेळगावला बजाजची सेकंडहँड डॉमिनार ४०० चांगल्या भावात मिळतेय, कर्नाटक पासिंग. घ्यावी का? मी आधी पल्सर १५० चालवायचो.
– एक वाचक, केपे

उत्तर: पल्सरवरून डॉमिनार ही उडी मोठी आहे, १४ वरून ४० पीएस, पण गाडी शांत स्वभावाची आहे, वजन १९३ किलो ते तेवढं ध्यानात ठेवा. भाव ठरवताना इकडचा रोड टॅक्स त्यात धरलाय का बघा, गाडी कायम गोव्यात ठेवणार तर तो भरावा लागतो आणि १२ महिन्यांच्या आत इकडचा नंबर घ्यायला हवा. तिकडच्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) म्हणजे फॉर्म २८, विक्रीचे २९ आणि ३०, कर्ज असेल तर ते फिटल्याचा फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. चेसिस नंबर स्वतः खाली वाकून आरसीशी जुळवा, बाकी असलेली चलनं ऑनलाइन बघा.

गाडी बघताना हँडलची दोन्ही टोकं, लिव्हर आणि फूटरेस्ट घासलेत का, पुढच्या फोर्कवर तेल ओघळतंय का, चेन मागच्या स्प्रॉकेटवरून (चेन फिरते त्या दातेरी चाकावरून) ओढली तर सुटते का. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, ३२२२ असेल तर २०२२ चा ३२ वा आठवडा, पाच-सहा वर्षांचा टायर असेल तर नक्षी कितीही दिसो, तो बदलायचा खर्च भावातून कमी करा. आणि पूर्ण पैसे द्यायच्या आधी एनओसी हातात घ्या, मागाहून पाठवतो म्हणाले तर गाडी तिथेच सोडून या.