‘न फळली’ नव्हे हो, नेफेली!

मेलबर्नहून एका होऊ घातलेल्या आजीचं चार पानी पत्र आलंय. हाताने लिहून, फोटो काढून पाठवलेलं, म्हणून आधीच शंभर गुण. प्रश्न चार आहेत आणि मी पहिल्यावरच अडकणार, हे नेहमीच्या वाचकांना सांगायला नको.

त्या लिहितात, ‘ताई, जावई ग्रीक आहे. मुलगा गुणी, तक्रार काही नाही. ऑगस्टमध्ये बाळ येतंय. मुलगी आहे, इथे आधी सांगतात. दोघांनी नाव आत्ताच ठरवून टाकलंय, नेफेली. पुण्याला सासूबाईंना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, न फळली? अगं, लेक पोटुशी असताना असलं अभद्र काय बोलतेस! मग मी नेटवर अर्थ शोधला. ही म्हणे झ्यूसने, म्हणजे ग्रीकांच्या देवांच्या राजाने, कुणाला तरी फसवायला ढगाची बनवलेली खोटी बाई. तेव्हापासून झोप नाही. ऑफिसात हे नाव कुणी ऐकलेलंसुद्धा नाही. घरी आम्ही तिला नेहाच म्हणायचं ठरवलंय.’

शेवटच्या वाक्याकडे मी नंतर येते. आणि येणारच आहे.

आधी तुमच्याच पत्रातलं दुसरं पान. तिथे लेकीचं नाव रिया लिहून पुढे ‘आर-एच-ई-ए असं स्पेलिंग मुद्दाम घेतलं, इथल्यांना सोपं’ असं म्हटलंय. अहो बाई, या स्पेलिंगची र्‍हीआ म्हणजे झ्यूसची आई! ग्रीक नाव तुमच्या उंबऱ्याच्या आत तीस वर्षांपूर्वीच आलंय. तेव्हा झोप उडाली नाही, कारण हजेरीला सोपं पडत होतं.

आता अर्थ. ग्रीकमध्ये ‘नेफोस’ म्हणजे ढग, त्यावरून नेफेली. आणि हा नेफोस आपल्या ‘नभस्’चा सख्खा भाऊ आहे. एकाच मूळ शब्दाची ही दोन लेकरं. वेदांत नभस् म्हणजे धुकं, ढग. आकाश हा अर्थ मागाहून पक्का झाला. संस्कृतातल्या ‘भ’च्या जागी ग्रीकात ‘फ’ येतो. आपला भ्रातृ, त्यांचा फ्रातेर. आपलं भरति, त्यांचं फेरो. तसंच नभस् आणि नेफोस. शिवाय नभस् हे श्रावणाचं जुनं नाव. तुमची नात ऑगस्टात येतेय, तेव्हा श्रावण गाठतेय का ते पंचांगात बघा. (अथेन्समध्ये मात्र नुसतं ‘नेफोस’ म्हटलं की लोकांना शहरावरचं धुरकं आठवतं. हे सासूबाईंना सांगायची गरज नाही.)

सासूबाईंचीही एक बाजू आहे बरं का. आजचे ग्रीक लोक ‘फोन’मधला फ काढतात. पण सॉक्रेटिसच्या काळात तो आपल्या ‘फळ’मधला फ होता. म्हणजे पुण्याच्या आजींनी काढलेला उच्चार जुन्या अथेन्सकराला जास्त ओळखीचा वाटला असता.

राहिली ती ‘खोटी बाई’. गोष्ट अशी की इक्सिऑन नावाचा राजा झ्यूसच्या पंक्तीला जेवायला गेला आणि यजमानाच्या बायकोवरच, हेरावर, त्याची नजर गेली. खात्री करायला झ्यूसने ढगातून हुबेहूब हेरा घडवली. पुढे त्या इक्सिऑनला जळत्या चाकाला बांधलं. यात दोष कुणाचा, ढगाचा? याच नेफेलीची दुसरीही गोष्ट सांगतात. सावत्र आई पोरांच्या जिवावर उठली तेव्हा हिने सोनेरी लोकरीचा मेंढा धाडून त्यांना सोडवलं. मुलगा वाचला, मुलगी हेल्ले वाटेत समुद्रात पडली. त्या सामुद्रधुनीला ग्रीक लोक हेल्लेस्पाँट म्हणत, आज आपण डार्डनेल्स म्हणतो. अशी आई अशुभ कशी?

आणि आपल्याकडे काय वेगळं आहे? सूर्याचं तेज सोसेना म्हणून संज्ञेने हुबेहूब स्वतःसारखी बाई घडवून घरात ठेवली आणि आपण निघून गेली. त्या बाईचं नाव छाया. शनीची आई. माझी सख्खी चुलतबहीण छाया, तिच्या वर्गात आणखी दोन छाया होत्या. बारशाला कुणीही ‘अगं बाई, नकली बायको!’ म्हणून पेढा परत केला नाही. तेव्हा नेटवरच्या दोन ओळी वाचून रात्र जागवू नका.

आता तुमची ती ‘नेहा’. इथे मी रागावणार आहे, आणि तो राग थोडा माझा माझ्यावरच आहे.

माझ्या मुलीचं नाव मृण्मयी. इथे कॅनडात, मिसिसागाला, शाळेच्या पहिल्या दिवशी बाई यादी वाचता वाचता थांबल्या, चष्मा वर केला, आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत मी पुढे होऊन म्हटलं, ‘कॉल हर मिमी.’ आज ती चौतीस वर्षांची आहे आणि ऑफिसच्या दारावर मिमीच लिहिलेलं आहे. मागच्या दिवाळीला करंज्या भरता भरता म्हणाली, ‘आई, त्या बाईंनी अजून प्रयत्नही केला नव्हता गं. तूच घाई केलीस.’ सारण हातातच राहिलं माझ्या.

माझ्या आईचं माहेरचं नाव गोदावरी. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने दुसरंच नाव लिहिलं आणि पुढे बावन्न वर्षं ती त्या नावाला ओ देत राहिली. ऑपरेशननंतर भूल उतरेना, नर्सने कागदावरचं नाव घेऊन तीनदा हाक मारली, काही नाही. मामा वाकून ‘गोदे’ म्हणाला आणि तिने डोळे उघडले.

आपल्या मुलांची नावं गोऱ्यांनी तोडली तर आपल्याला राग येतो, आणि तुम्ही तर जन्माआधीच नातीचं नाव तोडायला बसलात. नेहा नको, नेफू नको, फेली तर नकोच. जोर मधल्या अक्षरावर द्यायचा, ने-फे-ली. सासूबाईंना सांगा, ‘चमेली’च्या चालीवर म्हणा. चमेली जमते त्या तोंडाला नेफेली जमते. स्वयंपाकघरातून माडीवर ऐकू जाईल अशी दहा वेळा हाक मारून बघा, ऑफिसातल्यांना विचारत बसू नका. त्यांनी ऐकलं नसेलच. ग्रीसमध्ये हे नाव चांगलं रुळलेलं आहे, ग्रीकांच्या बाहेर क्वचित. मेलबर्नमध्ये राहून ओकलीच्या एखाद्या ग्रीक बेकरीत विचारलं असतंत तर तिथल्या बाईने दोन ओळखीच्या नेफेली सांगितल्या असत्या.

एक ओळ तुम्ही घाईत लिहून पुढे गेलात, ‘त्याची आई पण जरा गप्पगप्प आहे, तिचं नाव पारास्केवी.’ का गप्प, ते विचारलंत? ग्रीकांकडे पहिल्या नातवंडांना आजी-आजोबांचं नाव ठेवायची जुनी रीत आहे. पारास्केवी म्हणजे शुक्रवार. त्या बाईंनी तीस वर्षं मनात धरलं असणार की आपल्यानंतर घरात एक पारास्केवी असेल. त्यात नेफेली नावाची कुणी संत नाही, म्हणजे तिचा स्वतःचा नामदिनही (आपल्या नावाच्या संताचा सण) नाही, सर्व संतांच्या रविवारी तो साजरा करायचा. तुमची एका नावाने झोप गेली, त्यांचीही त्याच नावाने. फोन करा त्यांना. बोलायला विषय भरपूर आहेत. बाळंतिणीचे चाळीस दिवस झाले की त्यांच्यात बाळाला देवळात, म्हणजे चर्चमध्ये नेतात, आपला सव्वा महिनाच की. बाप्तिस्म्यापर्यंत बाळाला नावाने न हाकारता नुसतं ‘बेबा’ म्हणायची पद्धत होती. बाप्तिस्म्यात नाव उच्चारायचा मान धर्ममातेचा किंवा धर्मपित्याचा, म्हणजे गॉडमदर-गॉडफादरचा, आपल्याकडे तो आत्याचा. आणि तुमच्या नातीची आत्या ग्रीक आहे, लक्षात आलं ना? तिला ‘कुर्र’ करायला आत्तापासून शिकवा.

दुसरा प्रश्न, नावनोंदणी कधी करायची: तुमच्या व्हिक्टोरिया राज्यात ६० दिवसांच्या आत. बारसं बाराव्या दिवशी करा नाहीतर पन्नासाव्या, सरकारला त्याचं काही नाही.

तिसरा, पत्रिकेला वेळ पुण्याची धरायची का मेलबर्नची: बाळ जिथे जन्मेल तिथली. हा काय प्रश्न झाला?

चौथा, तुमची ताई पुण्याहून डिंक, खारीक, अळीव घेऊन येणार, विमानतळावर सोडतील का: जे आणाल ते देशात शिरताना भरायच्या कार्डावर लिहा, लपवाछपवी नको, दंड होतो. अळीव बी आहे, काढून घेतलं तर हुज्जत घालू नका, डँडेनाँगच्या देशी दुकानांत शोधा. आणि लाडू वळाल तेव्हा एक डबा पारास्केवीबाईंकडे पोचवा, डिंक दाताला चिकटतो हे मात्र आधी सांगून ठेवा.