घर सोडायचे आहे, पण माग लागू द्यायचा नाही

प्रश्न : माझे वय 34 आहे. लग्न हिंदू पद्धतीने झाले असून त्याला 11 वर्षे झाली. मुलगी 9 वर्षांची आणि मुलगा 4 वर्षांचा आहे. पती वारंवार मारहाण करतात आणि पैसा हाती लागू देत नाहीत. गेल्या दिवाळीत माझ्या हाताचे बोट मोडले, तेव्हा दवाखान्यात मी ‘बाथरूममध्ये पाय घसरला’ असे सांगितले. राहते घर सासूबाईंच्या नावावर आहे. माझे डी.एम.एल.टी. (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका) झालेले असून दुसऱ्या जिल्ह्यातील मैत्रीण तिच्या लॅबमध्ये नोकरी द्यायला तयार आहे. मुलांना घेऊन कोणालाही न सांगता निघून जावे, नाव बदलावे आणि मागचे सगळे तोडून टाकावे, असा माझा विचार आहे. पती म्हणतात, ‘घराबाहेर पाऊल टाकलेस तर मुले पळवल्याची आणि सोने चोरल्याची केस टाकीन.’ स्थानिक पोलीस ठाण्यात त्यांची ओळख आहे. मी असे केले तर कायद्याने गुन्हेगार ठरेन काय?

उत्तर : आपल्या पत्रातील गावांची आणि मैत्रिणीच्या लॅबची नावे येथे मुद्दाम वगळली आहेत. यापुढे या विषयावर कोणालाही लिहायचे असल्यास घरातील फोन वापरू नये, ही पहिली विनंती.

आपण सज्ञान आहात. मारहाणीचे घर सोडून मुलांसह दुसरीकडे राहायला जाणे हा गुन्हा नाही. त्यासाठी पतीची, सासरची किंवा पोलिसांची परवानगी लागत नाही. मात्र आपल्या बेतातील दोन गोष्टी मला वेगळ्या करायच्या आहेत. घर सोडण्याचा निर्णय योग्य आहे आणि तो आपण पुढे ढकलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पण कोणतीही नोंद मागे न ठेवता बेपत्ता होणे आपल्याच हिताविरुद्ध जाईल. आपण का गेलात, स्वेच्छेने गेलात आणि मुले सुरक्षित आहेत, ही माहिती योग्य त्या अधिकाऱ्यांकडे लेखी असली पाहिजे. आपण नेमक्या कोठे आहात, एवढीच गोष्ट पतीपासून गुप्त राहिली पाहिजे.

याचे कारण असे की आपण गेल्याच्या दुसऱ्या दिवशी पती पोलीस ठाण्यात ‘मिसिंग’ दाखल करतील, पोलीस आपल्या फोनचा माग काढतील, आणि त्या वेळी कागदावर फक्त पतीचे म्हणणे असेल. ते टाळण्यासाठी निघण्यापूर्वीच आपल्या सहीचा एक अर्ज वकिलाकडे तयार ठेवावा. मी सज्ञान असून मारहाणीमुळे मुलांसह स्वेच्छेने घर सोडले आहे, आम्ही सुरक्षित आहोत, माझा जबाब हवा असल्यास वकिलामार्फत कळवावे आणि माझा ठावठिकाणा पतीस किंवा नातेवाइकांस देऊ नये, एवढा मजकूर त्यात पुरेसा आहे. स्थानिक ठाण्यात पतीची ओळख असल्याने हा अर्ज थेट जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात वकिलाने द्यावा आणि पोच घ्यावी. नव्या गावातून तो स्वतः टपालाने पाठवू नये, कारण पाकिटावरील शिक्क्यावरून गाव कळते. सज्ञान स्त्रीने आपण स्वखुशीने गेल्याचा जबाब दिला की बेपत्ताची चौकशी तेथेच थांबायला हवी. तिला परत आणून पतीच्या स्वाधीन करण्याचा अधिकार पोलिसांना नाही.

मुलांबाबतची धमकी आपल्याला सर्वांत जास्त भेडसावत असणार, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो. मुलांच्या ताब्याबाबत कोणत्याही न्यायालयाचा आदेश नसताना आईने स्वतःच्या मुलांना सोबत नेणे हे सर्वसाधारणपणे अपहरण ठरत नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, 1956 च्या कलम 6 प्रमाणे पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडेच असतो, त्यामुळे मुलाबाबत आपली बाजू भक्कम आहे. मुलगी नऊ वर्षांची असल्याने तिच्याबाबत न्यायालय तिचे हित पाहील आणि समज असेल त्या प्रमाणात तिचे मतही विचारात घेईल. परंतु वडिलांनाही न्यायालयात जाण्याचा हक्क आहे, हे विसरून चालणार नाही. मुले कोठे आहेत हेच कळत नाही, असे सांगून ते उच्च न्यायालयात देहोपस्थितीची (हेबिअस कॉर्पस, म्हणजे व्यक्तीला न्यायालयापुढे हजर करण्यासाठीची) याचिका करू शकतात. त्या वेळी आपण आधीच न्यायालयात गेलेल्या असणे आणि वर्षभर लपून राहिलेल्या असणे, या दोन स्थितींत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. म्हणून ताब्याचा अर्ज आपण आधी करावा, पतीने करण्याची वाट पाहू नये.

हा अर्ज कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005 च्या कलम 12 खाली न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे करता येतो आणि त्या एकाच अर्जात बऱ्याच गोष्टी मागता येतात. पतीने आपल्याशी कोणत्याही मार्गाने संपर्क करू नये, कामाच्या ठिकाणी किंवा मुलांच्या शाळेत येऊ नये, असा संरक्षण आदेश कलम 18 खाली मिळतो. मुलांचा तात्पुरता ताबा कलम 21 खाली मिळतो आणि वडिलांच्या भेटीने मुलांना अपाय होईल असे दिसल्यास न्यायालय भेट नाकारू शकते. परिस्थिती तातडीची असेल तर कलम 23 प्रमाणे केवळ आपल्या शपथपत्रावर, पतीला ऐकण्यापूर्वीच, अंतरिम आदेश देता येतो. संरक्षण आदेश मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पहिली सुनावणी सामान्यतः तीन दिवसांत ठेवावी आणि अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात कोर्टाच्या तारखा लांबतात, म्हणून सगळी भिस्त अंतरिम आदेशावर ठेवावी.

अर्ज कोठे करावा, हा आपल्या प्रकरणातील सर्वांत नाजूक मुद्दा आहे. कलम 27 प्रमाणे आपण तात्पुरत्या जरी राहत असाल तेथे, नोकरी करत असाल तेथे, पती राहतात तेथे किंवा हिंसा घडली तेथे, यांपैकी कोठेही अर्ज करता येतो. नव्या शहरात अर्ज केल्यास आपली ये-जा वाचते, पण समन्सवरील न्यायालयाचे नाव वाचताच पतीला आपले शहर कळते. म्हणून पहिला अर्ज सध्याच्याच जिल्ह्यात करावा असे मी सुचवीन. निघण्यापूर्वी वकीलपत्र, अर्ज आणि शपथपत्र यांवर सह्या करून ठेवाव्यात आणि आपण सुखरूप पोहोचलात की वकिलाने अर्ज दाखल करावा. पत्रव्यवहारासाठी वकिलाचा पत्ता द्यावा, खरा पत्ता बंद लिफाफ्यात न्यायालयाकडे राहावा, सुनावणी बंद दालनात व्हावी आणि शक्य त्या तारखांना दूरदृश्य प्रणालीद्वारे हजर राहण्याची मुभा मिळावी, अशी विनंती अर्जासोबत लेखी करावी. बंद दालनातील सुनावणीची तरतूद कलम 16 मध्ये आहे. उरलेल्या बाबी न्यायालयाच्या विवेकाधीन आहेत, परंतु धोका नेमकेपणाने मांडला तर अशा विनंत्या गांभीर्याने घेतल्या जातात. आदेश कोणत्याही गावी झाला तरी तो देशभर लागू असतो.

नाव बदलण्याचा विचार मात्र सोडून द्यावा. राजपत्रात नावबदल प्रसिद्ध होतो तेव्हा जुने आणि नवे नाव शेजारीशेजारी छापले जाते आणि ते कोणालाही पाहता येते. लपण्यासाठी केलेला नावबदल अशा रीतीने स्वतःच पत्ता सांगतो. शिवाय खोट्या नावाने भाडेकरार केला किंवा नोकरी धरली, तर आज आपल्यावर नसलेला गुन्हा उद्या आपल्यावर येईल. आपली डी.एम.एल.टी.ची कागदपत्रे बहुधा माहेरच्या नावाने असतील. विवाहानंतर पतीचे नाव लावण्याची कायद्याने सक्ती नाही, त्यामुळे लॅबमध्ये माहेरच्या नावाने काम करण्यास कोणतीही अडचण नाही. आधारवर सासरचे नाव असल्यास विवाह नोंदणीचा दाखला दोन्ही नावांचा दुवा म्हणून जवळ ठेवावा.

सोन्याविषयी थोडक्यात. माहेरून मिळालेले आणि लग्नात आपल्याला दिलेले दागिने हे स्त्रीधन असून त्यावर आपलीच मालकी आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 सालच्या प्रतिभा रानी खटल्यात स्पष्ट केले आहे. स्वतःची वस्तू स्वतः नेण्यात चोरी होत नाही. नेलेल्या दागिन्यांची यादी करून त्यावर तारीख घालावी, लग्नातील फोटो आणि सराफाच्या पावत्या सोबत ठेवाव्यात, आणि सासूबाईंचा एकही दागिना चुकूनसुद्धा सोबत जाऊ देऊ नये.

बोट मोडल्याच्या केस पेपरवर ‘पाय घसरून पडल्या’ असे लिहिलेले असणार, आणि त्यामुळे तो कागद निरुपयोगी झाला असे आपल्याला वाटत असेल. तसे नाही. दुखापत झाली, कोणत्या तारखेला झाली आणि हाड कोठे मोडले, हे त्या कागदाने आणि एक्स-रेने सिद्ध होते; ती कशी झाली हे आपण शपथेवर सांगायचे आहे आणि पती शेजारी उभे असताना स्त्री डॉक्टरांना खरे का सांगू शकत नाही, हे न्यायालयांना ठाऊक आहे. त्या रात्री बहिणीला किंवा मैत्रिणीला मेसेज केला असेल, तर तो आपल्या म्हणण्याला बळकटी देतो. तो पुसू नये, आणि ज्या फोनवर तो आहे तो फोनही विकू नये, कारण नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही आणि त्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते. यापुढे दुखापत झाल्यास सरकारी रुग्णालयात जाऊन खरे कारण सांगावे आणि ते कागदावर लिहून घेण्याचा आग्रह धरावा.

छळाबाबत फौजदारी फिर्याद द्यायची का, हा स्वतंत्र निर्णय आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 85 खाली त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे आणि पत्नी जेथे आश्रयाला गेली तेथील पोलीस ठाण्यातही अशी फिर्याद देता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली ठरवले आहे. ती निघतानाच्या गडबडीत द्यावी असे मी म्हणणार नाही. आधी स्थिर व्हावे आणि मग निर्णय घ्यावा. मात्र या गुन्ह्याला तीन वर्षांची मुदत लागू होते, तेव्हा तो अनिश्चित काळ लांबवूही नये.

निघण्याची तयारी करताना सर्वांत मोठी जोखीम ही असते की पतीला आधी सुगावा लागतो. कौटुंबिक हिंसाचार अधिनियमाखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे घटनेची नोंद करायला गेलात, तर मी घर सोडेपर्यंत पतीला फोन करू नये, असे त्यांना लेखी द्यावे. आपल्याकडे पोलीस ठाण्यात ‘दोघांना समोरासमोर बसवून मिटवू’ असे म्हणण्याची फार सवय आहे, आणि एरवी सद्भावनेने होणारी ही मिटवामिटवी आपल्यासारख्या स्त्रीला त्याच रात्री महागात पडते. अशा बैठकीला बसण्याचे कोणतेही कायदेशीर बंधन आपल्यावर नाही. माहेरी किंवा भावाकडे थेट जाऊ नये, कारण शोध तेथूनच सुरू होतो. मधले काही दिवस काढायचे असल्यास हिंसाग्रस्त महिलांसाठीच्या ‘सखी’ या सरकारी वन स्टॉप सेंटरमध्ये पाच दिवसांपर्यंत राहता येते, आणि कौटुंबिक हिंसाचार अधिनियमाखालील आश्रयगृहाने आपण मागणी केल्यास आपली ओळख पतीस कळू द्यायची नसते, असा नियमच आहे.

फोनबाबत एक गोष्ट सांगायला हवी. सिम पतीच्या नावावर असेल तर ते तेथेच सोडावे. स्वतःच्या नावाने नवा क्रमांक घेऊन आधार आणि बँक खात्याला तोच जोडावा, आणि पतीला ठाऊक असलेले गूगल खाते नव्या फोनवर उघडू नये, कारण त्यातून फोनचे ठिकाण दिसते. मुलीच्या हातातील टॅबलाही हेच लागू आहे.

शाळेचा दाखला हाही असाच एक दुवा आहे. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 5 प्रमाणे दाखला मिळण्यास उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, तेव्हा मुलीचे वर्ष वाया जाणार नाही. पण नवी शाळा शिक्षण विभागाच्या ‘सरल’ या ऑनलाइन प्रणालीत तिच्या दाखल्याची मागणी नोंदवते आणि ती जुन्या मुख्याध्यापकांना दिसते. म्हणून ती मागणी अंतरिम आदेश हातात आल्यावरच नोंदवण्यास सांगावे आणि आदेशाची प्रत दोन्ही मुख्याध्यापकांना द्यावी.

घर सोडल्याने आपले हक्क बुडत नाहीत. घर सासूबाईंच्या नावावर असले तरी ते आपले सामायिक घर (म्हणजे पत्नीला राहण्याचा हक्क असलेले घर) ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 सालच्या सतीशचंदर आहुजा खटल्यात म्हटले आहे, आणि तेथे परतायचे नसल्यास पर्यायी घराचे भाडे मागता येते. आपल्याला नोकरी लागली म्हणून पोटगीचा हक्क आपोआप संपत नाही, आणि मुलांच्या खर्चाची जबाबदारी वडिलांवर राहतेच. मंजूर पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते, त्यामुळे अर्जाला उशीर झाल्यास तेवढे महिने हातचे जातात. मारहाणीमुळे घर सोडणाऱ्या पत्नीवर परित्यागाचा ठपका ठेवता येत नाही, कारण त्यासाठी वाजवी कारणाशिवाय सोडून जाणे सिद्ध व्हावे लागते. घटस्फोटाचा विचार सहा-आठ महिन्यांनी करावा. तो होईपर्यंत विवाह कायम असतो, हे मात्र लक्षात ठेवावे.

वकिलाच्या फीची चिंता करू नये. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 प्रमाणे उत्पन्न कितीही असले तरी प्रत्येक स्त्रीला मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणात जावे किंवा 15100 या क्रमांकावर बोलावे. महिला मदतवाहिनीचा क्रमांक 181 आहे. या आठवड्यात एवढेच करावे : तेथे जाऊन वकील नेमून घ्यावा आणि मुलांचे जन्मदाखले, विवाह नोंदणीचा दाखला, डी.एम.एल.टी.ची प्रमाणपत्रे, केस पेपर आणि पतीच्या पगाराच्या कागदांचे फोटो विश्वासातील एका व्यक्तीकडे ठेवावेत. ही तयारी पूर्ण होण्यापूर्वीच पुन्हा मारहाण झाली, तर कागदांसाठी थांबू नये. 112 ला फोन करून मुलांसह त्याच वेळी बाहेर पडावे, मागे राहिलेले सामान आणि कागद न्यायालयाच्या आदेशाने नंतर मिळवता येतात.