एएमई (विमान देखभाल इंजिनिअर) असताना पायलट व्हायचं असेल, तर नोकरी कधी सोडावी?

तुमच्याकडे बी-१ लायसन्स (विमानाचा सांगाडा आणि इंजिन यांच्या देखभालीचं) आहे, वय २९, नोकरी लाइन मेंटेनन्सची, म्हणजे उड्डाणांच्या मधल्या वेळेतल्या देखभालीची. एएमईच्या अनुभवाची सीपीएलला (व्यावसायिक पायलटच्या लायसन्सला) सूट मिळते का आणि राजीनामा कधी द्यावा, असं तुम्ही विचारलंय.

उड्डाणाच्या तासांत सूट शून्य. डीजीसीएला (नागरी विमान वाहतुकीच्या नियामक संस्थेला) एकूण २०० तास लागतात, त्यातले १०० पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी असलेला पायलट म्हणून. क्रॉस-कंट्री (एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी) २० तास, त्यात एक फेरी किमान ३०० नॉटिकल मैलांची. रात्रीचे ५ तास, दहा टेकऑफ आणि दहा लँडिंगसह. इन्स्ट्रुमेंट रेटिंग (फक्त उपकरणांच्या आधारे उडवण्याची परवानगी) आणि मल्टी-इंजिन वेगळं.

राजीनामा राहू द्या, आधी मेडिकल. क्लास २, मग क्लास १. डोळ्यांची काळजी सगळेच करतात, पण लाइनवाल्यांचा खरा धोका कानाला. एपीयूच्या (विमान जमिनीवर असताना वीज-हवा पुरवणाऱ्या छोट्या इंजिनाच्या) आवाजाने ऐकू येणं बिघडतं ते बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास सुरू होतं. बोलणं नीट ऐकू येत असल्याने पत्ताच लागत नाही. क्लास १ ला ५००, १००० आणि २००० हर्ट्झवर ३५ डेसिबल, ३००० वर ५० डेसिबलपर्यंतची घट चालते. म्हणून आधी बाहेर खाजगीत ऑडिओग्राम करून घ्या, आणि तोही सुटीच्या दिवशी. रात्रपाळी संपवून थेट गेलात तर कान तात्पुरते बधिर असतात आणि आकडे उगाच वाईट येतात.

दहावीनंतर डिप्लोमा करून या क्षेत्रात आला असाल तर सीपीएलला लागणारं बारावीचं फिजिक्स-मॅथ्स आहे का ते तपासा. नसेल तर एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून) देता येतं.

पेपर नोकरीत असतानाच काढा: नेव्हिगेशन, मीटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स, टेक्निकल, पासिंग ७० टक्के. आरटीआर (रेडिओवर बोलण्याचं लायसन्स) निराळं. टेक्निकल तुम्हाला सोपं जाईल, रेग्युलेशन्समध्ये मात्र गाफील राहू नका. तुम्हाला पाठ असलेलं कार-१४५ (देखभाल संस्थांसाठीचे डीजीसीएचे नियम) तिथे फारसं कामाला येत नाही; प्रश्न येतात राइट ऑफ वे (कोणी कोणाला वाट द्यायची), एअरस्पेस, सिग्नल यांवर. सगळ्यात जास्त वेळ नेव्हिगेशन खातं.

एएमईचं लायसन्स जपा. मागच्या दोन वर्षांत सहा महिने मेंटेनन्सचं काम नसेल तर सर्टिफाय करता येत नाही, म्हणजे देखभालीनंतर विमान सोडण्याची सही करता येत नाही. पावसाळ्यात उड्डाणं रखडतात, त्यामुळे दीड वर्षाचं ट्रेनिंग सहज दोन वर्षांवर जातं. सीपीएलनंतर जॉब लगेच मिळाला नाही तर हेच लायसन्स घर चालवणार आहे.

खर्च ५० लाखांच्या घरात धरा, टाइप रेटिंगचा (ठराविक प्रकारचं विमान उडवण्याच्या परवानगीचा) वेगळा. फ्लाइंग स्कूल बघायला जाल तेव्हा ऑफिसातल्या ब्रोशरपेक्षा हँगरमध्ये जास्त वेळ घालवा. किती विमानं इंजिनाविना उभी आहेत, १०० तासांच्या इन्स्पेक्शनला किती दिवस लागतात, सर्व्हिसेबल (उडण्याच्या स्थितीतल्या) विमानामागे विद्यार्थी किती. हे तुम्हाला दिसेल, बारावी होऊन आलेल्या पोराला दिसणार नाही. माझ्या मते तुमच्या अनुभवाचा सगळ्यात मोठा फायदा इथेच आहे.

कॉकपिटमध्ये तोच अनुभव आडवा येतो. सेसना १७२एसवर मॅग्नेटो (प्लगना ठिणगी देणाऱ्या यंत्राचा) चेक १८०० आरपीएमला होतो; ड्रॉप, म्हणजे एकाच मॅग्नेटोवर इंजिन चालवल्यावर आरपीएममध्ये होणारी घट, १५० पेक्षा जास्त किंवा दोन्हींतला फरक ५० पेक्षा जास्त चालत नाही. ड्रॉप हद्दीबाहेर गेला की इंजिनिअरचं डोकं लगेच प्लग, लीड, टायमिंगकडे धावतं आणि चेकलिस्ट मागे पडते. चेकलिस्टमध्ये आहे तेवढं करा, फरक पडला नाही तर टॅक्सी करून परत या. काउलिंगला (इंजिनाच्या झाकणाला) हात लावू नका, त्या संस्थेत तुम्हाला ऑथोरायझेशन नाही. टेक लॉगमध्ये (विमानाच्या बिघाडांच्या नोंदवहीत) कोणता मॅग्नेटो, किती आरपीएमला किती ड्रॉप, एवढंच लिहा. बिघाडाचं कारण तिथला एएमई शोधेल.